‘बेळगावात बसून’ लिहिणाऱ्याचं उत्तर

बर्मिंगहॅमचा हेवी मेटल बँड ब्लॅक सॅबथ आणि त्याचा गिटारिस्ट टोनी आयोमी यांच्यावरच्या माझ्या लेखाला आपली प्रतिक्रिया मिळाली. खाली नाव नाही, असू दे. आपण लिहिलंत: “टोनी आयोमीची बोटं डाव्या हाताची नाही, उजव्या हाताची तुटली. पहिल्या अल्बमचा जड आवाज सैल ट्यूनिंगचा म्हणता, पण ट्यूनिंग उतरलं ते 1971 च्या तिसऱ्या अल्बमपासून. डिओचं नावही नाही. बेळगावात बसून बर्मिंगहॅमच्या दंतकथा सांगू नका राव.”

हात उजवाच. आयोमी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात उजवा. घाईत चुकलं, दुरुस्त केलंय. चूक कबूल करायला मला कमीपणा वाटत नाही.

पण ते शेवटचं वाक्य! बेळगावात बसून नाही तर कुठं बसून लिहू? आमचं घर अनगोळला, उद्यमबाग सायकलनं दहा मिनिटं. बाबा तिथं एका कारखान्यात बावीस वर्षं पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापायच्या मशीनवर होते. त्यांच्या तर्जनीचं वरचं पेर नाही. तेच बोट धरून मी गणपती बघत हिंडलो, त्यामुळं सगळ्यांच्या बाबांचं बोट तसंच असतं अशी माझी समजूत होती. बारावीनंतर मीही दीड वर्ष फाउंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करायला होतो. संध्याकाळी नाक शिंकरलं की काळं यायचं. त्याच दिवसांत एका मित्राच्या कॅसेटवर सॅबथ पहिल्यांदा ऐकला. तो आवाज कुठून येतो हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

आता तुमची ‘दंतकथा’. आयोमी 17 वर्षांचा, पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीचा शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आला तो परत जायला तयार नव्हता. आईनं दिवस पुरा करायला धाडलं. प्रेसवरचं रोजचं माणूस आलं नव्हतं, म्हणून याला तिथं उभं केलं. मधलं बोट आणि अनामिका, दोन्हींची टोकं गेली. पुढं फोरमननं त्याला जॅझ गिटारिस्ट जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. जँगोचीही दोन बोटं आगीत जायबंदी झालेली. मग आयोमीनं भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं, गिटारला बँजोच्या हलक्या तारा लावल्या. हे त्यानं स्वतः सांगितलेलं आहे, माझ्या मनचं नाही. बाबांना वाचून दाखवलं तर ते एवढंच म्हणाले, “शिकवल्याबिगर बदलीला उभं केलं काय? आणि मशीनला गार्ड?”

तुम्ही प्रेस बघितलाय का कधी? लांबून तरी?

गायक डिओ बँडमध्ये आला 1979 ला, आधीचा गायक ऑझीला काढल्यावर. माझा लेख 1970 ला थांबतो. शेवटपर्यंत वाचला असतात तर कळलं असतं. ट्यूनिंगचं, म्हणजे तारा सैल करून सूर उतरवण्याचं म्हणाल तर तो तांत्रिक भाग झाला, त्यात शिरलो तर सामान्य वाचक पळून जातो. तार सैल होती की हलकी, बोटाला दुखत होतं हे खरं ना? मग झालं.

पुढच्या खेपेला नाव घालून लिहा. आणि ते ‘राव’ नको.