रक्त हवेने थांबत नाही, आणि एकट्या प्लेटलेटनेही नाही

सध्या एक संदेश सगळीकडे फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: रक्ताला हवा लागली की ते गोठतं, म्हणून जखम उघडी ठेवा. रक्त थांबवणं हे प्लेटलेटचं, म्हणजे रक्तातल्या बारीक चपट्या पेशीतुकड्यांचं काम; त्यांचा आकडा दीड लाखाखाली गेला की अंगात रक्तस्राव सुरू होतो, तेव्हा लगेच प्लेटलेट चढवून घ्या. अ‍ॅस्पिरिनने रक्त पातळ होतं, पण एक दिवस गोळी चुकवली की ते पूर्ववत. नाकातून रक्त आलं तर मान मागे टाका. यातलं एकही विधान पूर्णपणे टिकत नाही.

आधी हवा. रक्ततपासणीच्या जांभळ्या झाकणाच्या नळीचं झाकण उघडं ठेवलं तरी आतलं रक्त तासन्‌तास गोठत नाही. नळीतल्या ईडीटीए या रसायनाने रक्तातलं कॅल्शियम बांधून टाकलेलं असतं आणि कॅल्शियमशिवाय गोठण्याची साखळी पुढे सरकत नाही. हवा मात्र हवी तेवढी असते. उलट, मुका मार लागल्यावर त्वचेखाली साकळणाऱ्या रक्ताला किंवा पायाच्या खोल शिरेतल्या गुठळीला हवेचा स्पर्शही झालेला नसतो. साध्या काचेच्या नळीत रक्त काही मिनिटांत गोठतं, ते काचेमुळे: तिच्या पृष्ठभागावर बारावा फॅक्टर सक्रिय होतो (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांना फॅक्टर म्हणतात आणि त्यांना क्रमांक दिलेले आहेत). गंमत म्हणजे हा फॅक्टर जन्मतः नसलेल्या माणसांना रक्तस्रावाचा त्रास होत नाही. शरीरात सुरुवात दुसरीकडून होते. रक्तवाहिनीबाहेरच्या पेशींवर टिश्यू फॅक्टर नावाचं प्रथिन असतं. भिंत फाटली की रक्तातला सातवा फॅक्टर त्याला जाऊन चिकटतो आणि गोठण्याची साखळी सुरू होते.

‘प्लेटलेटचं काम’ हे अर्धवट खरं आहे, म्हणून जास्त फसवं. पहिली हालचाल रक्तवाहिनीची. तिच्या भिंतीतला स्नायू लगेच आकसतो. पूर्ण तुटलेली धमनी आत ओढली जाऊन तोंड आवळून घेते. अर्धवट कापलेलीला ते जमत नाही, त्यामुळे ती अनेकदा जास्त वाहते. शाबूत भिंतीचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन सोडून प्लेटलेटना शांत ठेवतं. अस्तर फाटून खालचं कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन उघडं पडलं की त्यावर रक्तातलं फॉन विलब्रँड फॅक्टर हे लांब प्रथिन बसतं, वाहत्या रक्ताच्या ओढीने उलगडतं आणि धावत्या प्लेटलेटना अडवतं. अडकलेल्या प्लेटलेट आकार बदलतात, एडीपी आणि थ्रॉम्बॉक्सेन ही संदेश देणारी रसायनं सोडून आणखी प्लेटलेट बोलावतात आणि फायब्रिनोजेन या रक्तातल्या प्रथिनाच्या दुव्यांनी एकमेकींना धरतात.

एवढ्याने बनतो तो कच्चा बूच. गोठण्याच्या साखळीतून तयार झालेल्या थ्रॉम्बिन या एन्झाइमने फायब्रिनोजेनचे फायब्रिन धागे केले आणि तेराव्या फॅक्टरने ते एकमेकांना बांधले की तो पक्का होतो. हिमोफिलिया या रक्तस्रावाच्या आनुवंशिक आजारात प्लेटलेटचा आकडा बहुधा चांगला असतो. कमी असतो तो आठवा किंवा नववा फॅक्टर. म्हणून दात काढल्यावर रक्त आधी थांबतं आणि काही तासांनी पुन्हा सुरू होतं.

जखम उघडी का ठेवायची नाही, हेही इथेच कळतं. स्वच्छ कापडाने थेट जखमेवर दाबलं की प्रवाह मंदावतो आणि कच्चा बूच वाहून जात नाही. घड्याळ लावून दहा मिनिटं दाबा, मध्ये उचलून बघू नका. कापडाबरोबर बूचही निघतो. कापड भिजलं तर वरून दुसरं ठेवा. हातापायातून रक्त उसळत असेल आणि दाबून थांबत नसेल तर जखमेच्या ५ ते ७ सेंटिमीटर वर, सांधा सोडून, रुंद पट्टा आवळा, वेळ लिहून ठेवा आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत तो सैल करू नका.

आता दीड लाख. मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख ही नेहमीची मर्यादा आहे, धोक्याची रेषा नव्हे. प्लेटलेट नीट काम करत असतील तर ५०,००० वर बहुतेक शस्त्रक्रिया होतात. रक्तस्राव आणि ताप नसलेल्या, अस्थिमज्जा (हाडातला रक्तपेशी बनवणारा मगज) थकलेल्या रुग्णाला निव्वळ खबरदारी म्हणून प्लेटलेट देतात ते साधारण १०,००० च्या खाली. एका दात्याच्या रक्तातून वेगळ्या केलेल्या एका पिशवीने प्रौढाचा आकडा जेमतेम ५ ते १० हजारांनी चढतो. डेंगीत तर गंभीर धोका बहुतेकदा रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा, म्हणजे रक्ताचा द्रव भाग, झिरपण्याचा असतो. तो प्लेटलेट चढवून थांबत नाही. शिवाय काहींच्या रक्तात ईडीटीएमुळेच प्लेटलेटचे पुंजके होतात आणि यंत्र आकडा खोटाच कमी दाखवतं. अनपेक्षित कमी आकडा आला तर आधी काचपट्टीवर रक्त बघायला सांगा, गरज पडल्यास सायट्रेट हे दुसरं गोठणरोधक असलेल्या नळीत रक्त घेऊन पुन्हा मोजायला सांगा.

अ‍ॅस्पिरिनने रक्ताचा दाटपणा बदलत नाही. ती प्लेटलेटमधलं थ्रॉम्बॉक्सेन बनवणारं एन्झाइम कायमचं बंद पाडते. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे तिला ते नव्याने बनवता येत नाही. रोज साधारण दहावा हिस्सा प्लेटलेट नव्या येतात, म्हणून परिणाम पूर्ण ओसरायला ७ ते १० दिवस लागतात. स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) असलेल्याने गोळी परस्पर बंद केली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते.

नाकातून रक्त आल्यावर मान मागे टाकली की रक्त घशातून पोटात जातं आणि उलटी होऊ शकते. ताठ बसा, किंचित पुढे वाका, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून १० ते १५ मिनिटं सलग दाबा, तोंडाने श्वास घ्या. हाडाचा भाग दाबून उपयोग नाही. बहुतेक वेळा रक्त दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याच्या पुढच्या भागातून येतं. अर्ध्या तासात थांबलं नाही, किंवा रुग्ण वॉरफरिनसारखं रक्त गोठू न देणारं औषध घेत असून रक्त जोरात येत असेल, तर रुग्णालय गाठा.