रंग बघू की अक्षरं?

घर गरम-थंड करणाऱ्या हीट पंपाचा थर्मोस्टॅट (तापमान ठरवणारी भिंतीवरची डबी) बदलायचा म्हणजे चार वायरी काढायच्या नि चार लावायच्या, एवढंच ना? मग न्यू जर्सीतल्या ऐन जानेवारीत आम्ही स्वेटरवर स्वेटर चढवून का बसलोय?

प्रत्येक वायरीच्या स्क्रूला एक अक्षर. वायरींना रंगही आहेत, पण रंगांना नियमच नाही! निळी म्हणजे 'सी', वीज परत नेणारी, असं जो तो सांगतो. आमच्याकडे निळी निघाली 'ओ'ला. हे कळायला टॉर्च तोंडात धरून, माळ्यावर सरपटत एअर हँडलरच्या (घरात हवा खेळवणाऱ्या यंत्राच्या) बोर्डापर्यंत जावं लागलं. 'सी'ची वायर? ती ओढलेलीच नाही!

आणि तो 'ओ' की 'बी'चा घोळ! ही वायर जाते रिव्हर्सिंग व्हॉल्व्हला, म्हणजे हीट पंपाला गरमवरून थंडवर उलटवणाऱ्या झडपेला. बहुतेकांचा हा व्हॉल्व्ह थंडाव्याला चालू होतो (तो 'ओ'), काहींचा उष्णतेला (तो 'बी'). सगळ्यांनी मिळून एक काय ते ठरवायला काय जातं यांचं? सेटिंग चुकलं की बाहेर बर्फ नि डक्टमधूनही गार वारा. आई घोंगडीतून तिसऱ्यांदा विचारतेय, "झालं का रे?" काय सांगू तिला?

त्यात वीज आणणारी २४ व्होल्टची 'आर' वायर बोर्डावरच्या 'सी'च्या स्क्रूला नुसती टेकली आणि तिथला फ्यूज गेला. गाडीत असतो तसला, जांभळा, ३ अँपिअरचा. रात्री साडेअकराला तो आणू कुठून?