लंडन की लीड्स: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इंग्लंडला कंटेम्पररी डान्सच्या (समकालीन पाश्चात्त्य नृत्याच्या) पदवीला जाणाऱ्या मुलीनं लंडनसोबत लीड्सच्या शाळेचाही विचार करावा आणि शाळा निवडताना वेळापत्रक व व्हिसाचा खर्च बघावा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप दोन. लंडनच्या दोन ऑफर हातात असताना लीड्सचाही विचार करा असं सुचवणं म्हणजे मुलीला उगाच कमीपणा घ्यायला लावणं, "परत आल्यावर लोक कॉलेजचं नाव विचारतात, वेळापत्रक कोण विचारतं?" आणि दुसरा, कलेच्या निर्णयात व्हिसा-बँकेचं पाल्हाळ कशाला.

नावाला किंमत नाही, असं माझं म्हणणं नाहीच. लंडन कंटेम्पररी डान्स स्कूल 'द प्लेस' या नृत्यकेंद्रात आहे. त्याच ठिकाणी नाट्यगृह, बाहेरच्या कंपन्यांचे प्रयोग तिथंच बघायला मिळतात. ट्रिनिटी लाबान या लंडनच्याच दुसऱ्या शाळेच्या डेप्टफर्डमधल्या इमारतीला वास्तुकलेचं 2003 चं स्टर्लिंग पारितोषिक मिळालं. पण लीड्स म्हणजे आडगाव नव्हे. नॉर्दर्न स्कूल ऑफ कंटेम्पररी डान्स 1985 पासून तिथं आहे, आणि फिनिक्स डान्स थिएटर, नॉर्दर्न बॅले या दोन्ही कंपन्या त्याच शहरातल्या.

वेळापत्रकावर माझा भर आहे, कारण मुलगी भरतनाट्यम शिकून जाणार आहे. अरमंडीत, म्हणजे भरतनाट्यमच्या अर्धवट बसलेल्या मूळ स्थितीत, कणा ताठ, गुडघे बाहेर आणि सगळा जोर मांड्या-तळव्यांत. तिकडे कंटेम्पररीच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात पाय समांतर ठेवून, कणा एकेक मणका सोडत खाली जायचं आणि वजन जमिनीला द्यायचं. इतकी वर्षं धरून ठेवलेली पाठ पटकन सुटत नाही. मग पडताना शरीर लोळण घेत नाही, गुडघ्यावर आणि मनगटावर आपटतं. दुसरी अडचण बॅलेची. अरमंडी खुब्यातून न उघडता नुसती पावलं बाहेर फिरवून साधायची सवय असेल, तर बॅलेच्या वर्गात गुडघ्याची आतली बाजू दुखू लागते. म्हणून लंडनच्या रॅम्बर्ट स्कूलसारखी बॅले आणि कंटेम्पररीला सारखंच वजन देणारी शाळा एखादीला अगदी योग्य आणि दुसरीला जड जाते. शाळा उत्तमच, प्रश्न शरीराचा आहे.

तेव्हा प्रत्येक शाळेला ईमेल करून पहिल्या वर्षाच्या पहिल्या सत्राचं, यंदा चालू असलेलं, एका आठवड्याचं वेळापत्रक मागा. माहितीपत्रकातलं नको. टेक्निकचे वर्ग किती, त्यात बॅले किती, एका वर्गात मुलं किती, इम्प्रोव्हायझेशन (उत्स्फूर्त नाच) आणि स्वतःची रचना करायला स्टुडिओ किती तास मोकळा, हे त्यात बघा. दुखापत झाली तर फिजिओ शाळेतच भेटतो का आणि किती दिवसांनी, हेही विचारा. इथं आठवड्याला पाच-सहा तास तालीम करणारी मुलगी तिथं रोज तेवढे तास नाचणार. नडगीचं दुखणं त्यातून पहिल्याच सत्रात सुरू होऊ शकतं.

अजून एक. माहितीपत्रकांत दौऱ्यावरच्या कंपन्यांचे देखणे फोटो असतात. ट्रिनिटी लाबानची ट्रान्झिशन्स काय किंवा लीड्सची व्हर्व्ह काय, या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या कंपन्या आहेत. बीएच्या फीमध्ये त्या येत नाहीत. त्यांची निवड वेगळी, फीही वेगळी. तसंच ऑफर पदवीच्या पहिल्या वर्षाची आहे की त्याआधीच्या फाउंडेशन, म्हणजे पूर्वतयारीच्या, वर्षाची, हे पत्रात नीट वाचा. फाउंडेशन असेल तर एका वर्षाचा खर्च वाढला.

आता व्हिसा. यात कलेचाच प्रश्न आहे, कृपया कंटाळू नका. स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास नोकरी चालते, पण करमणूक क्षेत्रात कलाकार म्हणून काम चालत नाही आणि स्वयंरोजगारही नाही. म्हणजे तिथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात मानधन घेऊन लावणी करणं किंवा घरी भरतनाट्यमचे क्लास काढणं, दोन्ही नियमाबाहेर. "लंडनमध्ये शो करून खर्च निघेल" हा हिशेब तिथंच कोसळतो.

व्हिसाच्या अर्जात राहण्याच्या खर्चापोटी लंडनसाठी महिना 1,529 पौंड आणि बाहेर 1,171 पौंड, नऊ महिन्यांचे दाखवावे लागतात. फरक 3,222 पौंडांचा. पहिल्या वर्षाची उरलेली फी त्याशिवाय. पैसे सलग 28 दिवस खात्यात हवेत. मधे एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. शेअर आणि पीएफ धरत नाहीत. आईवडिलांच्या खात्यातले चालतात, सोबत जन्मदाखला आणि संमतीपत्र जोडा. व्हिसासोबत भरायचा आरोग्य अधिभार वर्षाला 776 पौंड, तो वेगळा.

राहिला नावाचा मुद्दा. पदवीनंतर तिथं राहून काम करू देणारा ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो. 1 जानेवारी 2027 पासूनच्या अर्जांना तो 18 महिन्यांचा असेल. त्यावर नाचून पैसे कमावता येतात, क्लासही घेता येतात. लीड्समध्ये शिकून हे 18 महिने लंडनला ऑडिशन देत काढायला काहीच आडकाठी नाही. वाचलेले पौंड तेव्हा भाड्याला लागतील. वेळापत्रकं बघून लंडनचाच वर्ग तिच्या शरीराला जास्त मानवणारा वाटला, तर मात्र लंडनच घ्या, आणि फीसवलतीसाठी होकार कळवण्याआधीच शाळेला लिहा.