प्लग बदलून बोट चालत नसते, लेकांनो!

बोट ऐन पाण्यात धापा टाकायला लागली की किनाऱ्यावरच्या प्रत्येक शहाण्याचा निदान एकच: "प्लग बदला." बदलला. तरी तेच. मग "कार्बोरेटर खोला." खोलला, धुतला, बसवला. मग इंजिन पाण्यानं भरलेल्या ड्रममध्ये लावायचं, दोरी ओढायची आणि छाती फुगवून सांगायचं, "बघा, कसं झकास चालतंय!" अरे, ड्रममध्ये चालणारच की! तिथं ना लोड, ना फुल थ्रॉटल. निवांत गुरगुरायला पेट्रोल लागतं किती? चमचाभर. कोयनेच्या शिवसागर जलाशयात बामणोलीहून वासोटा किल्ल्याच्या पायथ्याकडं दहा माणसं घेऊन निघालेल्या बोटीचं इंजिन जेव्हा घटाघटा पेट्रोल मागतं, रोग तेव्हा दिसतो. आणि नेमका तेव्हा बघायला कोणी नसतं, सगळे दोरी ओढण्यात गुंग.

अधूनमधून येणारा फॉल्ट तो आलेला असतानाच पकडावा लागतो, हे शंभरदा सांगून झालं. ताकद उतरायला लागली की त्याच क्षणी पेट्रोलच्या पाइपवरचा रबरी फुगा (टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडं ढकलणारा हातपंप) हातात घ्या आणि दाबा. पाच सेकंदांचं काम आहे. दाबल्या दाबल्या इंजिनानं पुन्हा उचल खाल्ली, तर प्लगचा आणि कॉइलचा, म्हणजे ठिणगीचा, विषय संपला. पेट्रोल पोहोचत नाहीये, बास. आता फुगा कसा लागतोय ते बघा. चपटा होऊन आत ओढला गेलाय? तर अडथळा टाकीच्या बाजूला. मऊ पडलाय, दाबत राहिलं तरी घट्ट होत नाही? कुठून तरी हवा शिरतेय, नाहीतर फुग्यातली व्हॉल्व्ह गेली. फुगा टणक आहे आणि तरी इंजिन मरतंय? मग पुढं इंजिनाकडं बघा. एवढं एका हाताला कळतं, त्यासाठी अख्खं इंजिन टेबलावर मांडायची गरज नसते.

फुगा चपटा झाला की निम्म्या वेळा भानगड निघते टाकीच्या झाकणावरच्या हवेच्या स्क्रूची. वाहतूक करताना बंद केला, सुरू करताना उघडला नाही. आणि ही चूक लगेच पकडून देत नाही! उन्हात तापलेल्या टाकीत आधीच दाब असतो, त्यामुळं सुरुवातीला मस्त चालतं. पंधरा-वीस मिनिटांत तो दाब संपतो, उलट ओढ बसते आणि शिवसागराच्या बरोबर मध्यावर इंजिन झोपतं. झाकण सैल केलं की "सूंऽऽ" करून हवा आत जाते. तो आवाज आला की समजा, प्लगचे पैसे पाण्यात गेले.

खरी चीड येते ती पाइपची. जुना पाइप बाहेरून नवरीसारखा चकचकीत, आतून त्याचा थर सुटलेला. आपल्याच साताऱ्या-सांगलीच्या उसाचं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये 20 टक्के येतंय, आणि जुन्या रबराला ते पचत नाही. आतला थर फुगतो, सुटतो. थ्रॉटल वाढवला की ओढीनं तो आत झोपतो आणि वाट बंद करतो. थ्रॉटल कमी केला की परत सरळ. किनाऱ्यावर पाइप काढून फुंकला तर हवा आरपार! "पाइप ओके आहे साहेब." कप्पाळ ओके! फुंकून कळत नाही हो. इंधनासाठीचाच, इथेनॉल चालणारा पाइप घ्या, आतला व्यास जुन्याएवढाच ठेवा, आणि फुग्यावरचा बाण इंजिनाकडंच हवा. बागेला पाणी घालायची नळी लावणाऱ्यांना तर हात जोडतो.

दुसरा लाडका युक्तिवाद: "गळत नाही, म्हणजे चांगला आहे." चालू इंजिनाला टाकीपासून पंपापर्यंत पाइपमध्ये ओढ असते. भेग असेल तर पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते! कनेक्टरमधली झिजलेली ओ-रिंग (रबरी कडं) किंवा सैल क्लॅम्प हेच करतात. फुगा आणि इंजिनाच्या मध्ये वीतभर पारदर्शक पाइप तात्पुरता जोडा आणि लोडवर पळवा. बुडबुडे दिसले की चोर सापडला. अजून सोपं हवं असेल तर दुसऱ्या चालू बोटीची टाकी, पाइप, फुगा अख्खा सेट लावून बघा. रोग गेला तर इंजिनाला हात लावू नका.

आणि पाणी! पावसाळ्याचे चार महिने बोट बंद, टाकी अर्धी भरलेली तशीच. इथेनॉल हवेतलं पाणी पितं, आणि पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसतं. टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या नळीचं तोंडही तळाशीच. सांगलीत तर कमालच. पुराच्या बोटी वर्षभर गोदामात, आणि आयर्विन पुलाशी कृष्णा 40 फुटांची इशारा पातळी गाठायला लागली की त्याच जुन्या पेट्रोलवर दोरी ओढायची. 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलेलं बघून झालंय, तरी पेट्रोल बदलायला मुहूर्त लागतो? काचेच्या बाटलीत टाकीच्या तळाचं पेट्रोल काढा, दहा मिनिटं ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी पूर्ण रिकामी करा, नवीन भरा, पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा. महिन्यातून एकदा पाण्यात, लोडवर वीस मिनिटं चालवा. ड्रममध्ये नाही!

फुगा टणक असूनही मरतंय तर इंधन पंपाचा डायफ्राम (आतला पातळ पडदा) बघा, मग कार्बोरेटर. आणि त्याच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकात, तार खुपसू नका, भोक मोठं झालं की गणित बिघडलं.

इलेक्ट्रिकचा रोग वेगळा ओळखू येतो. पेट्रोल कमी पडलं की इंजिन रडत रडत मरतं, करंट गेला की बटण दाबल्यासारखं खाटकन. तापल्यावर बंद आणि अर्ध्या तासानं थंड झाल्यावर चालू, म्हणजे कॉइल किंवा सीडीआय (ठिणगी सोडणारा डबा). त्याआधी इंजिन बंद करायच्या किल स्विचची वायर हलवून बघा, तीच बहुतेक कुरतडलेली असते.

इंजिन बोंबलतंय पण बोट जागची हलत नाही? ती ताकद गेलेलीच नाही! एप्रिल-मेमध्ये पाणी उतरलं की बुडालेली खोडं पंख्याला (प्रोपेलरला) लागतात, आतलं रबर सुटतं. मधल्या नळीवर आणि पंख्यावर मिळून रंगाची एक सरळ रेघ मारा, फेरी मारून या. रेघ तुटली तर पंखा गेला. यासाठी कार्बोरेटर खोलणाऱ्याचं काय करायचं सांगा!

सगळ्यात संतापाची गोष्ट म्हणजे "थोडं दम खातंय, पण नेतंय" म्हणून तसंच फुल थ्रॉटल रेटणारे. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमधूनच जातं, बहुतेक इंजिनांना 50 ला 1, म्हणजे लिटरला 20 मिली. पेट्रोल कमी पोहोचलं की ऑइलही कमी पोहोचतं. पिस्टन तापतो, धरतो, आणि मग रिबोअरचं (सिलिंडर नव्यानं कोरण्याचं) बिल बघून म्हणायचं, "कंपनीचं इंजिनच बोगस." दहा रुपयांची ओ-रिंग बदलली नाही ते कोणी सांगायचं?