वकिलातीत वकील नसतो

परवा आमच्या जुन्या गल्फवाल्यांच्या ग्रुपवर एकानं लिहिलं, "एम्बसी काय कामाची? पासपोर्टचे पैसे घेते आणि फोन उचलत नाही." खाली पंचवीस अंगठे. फोनचं खरं आहे, त्यावर मी वाद घालणार नाही. पण सौदीतल्या दम्मामला अकरा वर्षं काढलेला माणूस म्हणून बाकीच्याबद्दल थोडं लिहायचं आहे. लांबेल.

आधी त्या शब्दाचं बघू. मराठीत एम्बसीला आपण वकिलात म्हणतो. जुना आणि नेमका शब्द. पेशव्यांचे वकील म्हणून हिंगणे दिल्लीत असायचे, ते काही कुणाचे खटले चालवायला नव्हे. दरबारात आपल्या धन्याची बाजू मांडायची, बातम्या कळवायच्या, कागद पुढे सरकवायचे. आज मात्र वकिलात म्हटलं की गावाकडे डोळ्यांपुढे काळा कोटच येतो. सगळ्या अपेक्षा तिथूनच चुकतात. दुसऱ्या देशात तुमच्यावर गुन्हा दाखल झाला तर एम्बसी तुम्हाला सोडवून आणत नाही, कोर्टात उभी राहत नाही. तुरुंगात तुम्हाला भेटू शकते, स्थानिक वकिलांची नावं देते, घरी कळवते. "नुसतं भेटून काय होणार?" असं म्हणणाऱ्यांनी पाकिस्तानच्या तुरुंगातल्या कुलभूषण जाधवांचं प्रकरण आठवावं. ती नुसती भेट मिळावी म्हणून भारताला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जावं लागलं, आणि १७ जुलै २०१९ ला न्यायालयानं सांगितलं की पाकिस्ताननं १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ३६, म्हणजे अटकेतल्या परदेशी माणसाला त्याच्या वकिलातीशी भेटू देण्याचं कलम, मोडलं आहे.

आता नानांची गोष्ट.

नाना आमच्या कॅम्पातले शटरिंगचे फोरमन, गुहागरकडचे. मी टाइमकीपर. २०१४ च्या मे महिन्यात पहाटे ड्युटीच्या बससाठी उठले, चहा ठेवला आणि तिथेच कोसळले. हार्ट अटॅक. हॉस्पिटलचा कागद झाला, पोलिसांचा झाला, बॉडी शवागारात गेली. कंपनीचा माणूस म्हणाला, दोनतीन दिवसांत पाठवू. मग तो फोन उचलेना. (एम्बसीच फोन उचलत नाही असं नाही, तर!)

आपली एम्बसी रियाधला, म्हणजे दम्मामहून चारशे किलोमीटर. पण अशा कामात एम्बसीच्या वतीनं धावपळ करणारे समाजसेवक असतात, बहुतेक मल्याळी. आमच्याकडे आला तो नोकरी सांभाळून हे करायचा. त्यानं मला कागदावर यादी लिहून दिली: पासपोर्ट, इकामा (सौदीत राहण्याचा परवाना), हॉस्पिटलचा दाखला, पोलीस रिपोर्ट, कंपनीचं पत्र, आणि घरच्यांचं संमतिपत्र. बॉडी भारतात आणायची की इथेच दफन करायचं हे घरच्यांनी स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायचं, नोटरी करायचं, आणि राहिलेल्या पैशांचा पाठपुरावा करायचा अधिकारही त्यातच एम्बसीला द्यायचा. त्याशिवाय एम्बसी ना हरकत देत नाही. ती नसेल तर पुढचं काहीच होत नाही, ना एम्बामिंग (बॉडी टिकवायची प्रक्रिया), ना देशाबाहेर न्यायची परवानगी, ना विमानाचं कार्गो बुकिंग.

काकींनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, चिपळूणला जाऊन संमतिपत्र केलं, सायबर कॅफेतून पाठवलं. एम्बसीनं परत पाठवलं. कारण? नानांच्या पासपोर्टात बायकोचं नावच नव्हतं. पहिला पासपोर्ट लग्नाआधीचा. पुढे दोनदा नवा झाला, पण जोडीदाराच्या नावाची जागा दोन्ही वेळा रिकामीच राहिली. नुसत्या पासपोर्टावरून बघितलं तर नाना अविवाहित! मी चिडलो. समाजसेवक शांत होता. म्हणाला, उद्या दुसरीच बाई संमतिपत्र घेऊन आली तर? त्याचं म्हणणं मला तेव्हा पटलं नाही, आता पटतं.

मग रेशनकार्ड, ग्रामपंचायतीचा दाखला, असं सगळं गेलं. आणि एम्बसीतल्या एका बाईंनी स्वतः काकींना गुहागरला फोन केला. हिंदीतून. काकींना हिंदी कितपत कळलं देव जाणे, पण फोन वीसेक मिनिटं चालला. दुसऱ्या दिवशी ना हरकत मिळाली.

राहिला खर्चाचा प्रश्न. खरं तर हा खर्च मालकाचा. कंपनी टोलवाटोलवी करत होती. शेवटी पेटी आणि विमानाचं भाडं एम्बसीच्या इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंडातून झालं. हा फंड २००९ पासून आहे, आणि तो भरतो कशातून? आपण पासपोर्ट नूतनीकरणाला गेलो की पावतीवर एक छोटी रक्कम जास्तीची दिसते ना, त्यातून. त्याच रकमेवरून मी वर्षभर आधी खिडकीवरच्या पोराशी हुज्जत घातली होती. सातआठ रियालसाठी. "हे कसले? आम्ही कशाला द्यायचे?" तोही बिचारा एजन्सीचा नोकर. पासपोर्टाचे अर्ज घेण्याचं काम आता बाहेरच्या कंपन्यांकडे असतं. आपण रांगेत ज्याच्या नावानं बोटं मोडतो तो बहुतेक वेळा एम्बसीचा माणूसच नसतो.

नाना २६ व्या दिवशी मुंबईला सहारच्या कार्गोला उतरले.

विम्याचंही सांगून टाकतो. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टावर ईसीआर, म्हणजे 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड' असा शेरा असतो. त्याला सौदी, कुवेत, ओमानसारख्या देशांत कामाला जाताना सरकारची मंजुरी लागते आणि प्रवासी भारतीय विमा काढावाच लागतो. दोन वर्षांचे २७५ रुपये, संरक्षण दहा लाखांचं. पण अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर. नाना चहा करताना गेले. तो अपघात धरत नाहीत.

कंपनीकडचे दोन पगार आणि सर्व्हिसचे पैसे एम्बसीनं पत्रांमागून पत्रं लिहून काढले. ते जिल्हाधिकाऱ्यांमार्फत यायचे होते. इथे गंमत बघा. परक्या देशातल्या पोलिसांपासून विमानापर्यंतचे कागद २६ दिवसांत झाले, आणि आपल्या तहसिलात वारसाच्या कागदांना सात महिने लागले. ग्रुपवर यावर कुणी पोस्ट टाकत नाही.

बाकी कामांबद्दल थोडक्यात. आमचे शेजारी युरोप टूरला गेले, पॅरिसच्या मेट्रोत पाकीट गेलं, पासपोर्ट त्यातच. पोलीस तक्रार करून एम्बसीत गेले, तर इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळालं. हे म्हणाले, छान, आता उद्या स्वित्झर्लंड! त्या सर्टिफिकेटवर फक्त घरी परतता येतं. टूरचे पैसे भरलेले असल्यामुळे त्या शेजाऱ्यांचा राग अजून गेलेला नाही, आणि तो एम्बसीवरच आहे. उलट आमचा नाशिकचा भाचा एम्बसीवर खूश. द्राक्षांच्या तीन कंटेनरची ऑर्डर ईमेलवर आली होती, निम्मे पैसे माल पोचल्यावर. मी म्हटलं, त्या देशातल्या आपल्या एम्बसीच्या कमर्शियल विंगला लिही आणि या कंपनीची चौकशी कर. चार दिवसांत उत्तर आलं की त्या पत्त्यावर फर्निचरचं दुकान आहे. कितीतरी लहान निर्यातदारांना असा विभाग असतो हेच ठाऊक नसतं. एक पैसाही लागत नाही.

१९९० ला कुवेतहून पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं विमानांनी आणली, २०१५ ला येमेनमधून आपल्या लोकांबरोबर इतर देशांचेही नागरिक बाहेर काढले, ते सगळ्यांना माहीत आहे आणि त्याचा अभिमान मलाही आहे. पण तिथे कॅमेरे असतात. एका फोरमनच्या पेटीसाठी कुणी कॅमेरा आणत नाही. मला एम्बसी मोजायची तर मी तिथे मोजीन.

आणि माझी खरी तक्रार वेगळीच आहे. त्या अकरा वर्षांत शवागाराबाहेर, लेबर कोर्टाबाहेर, डिपोर्टेशन सेंटरबाहेर जे भेटले ते जवळजवळ सगळे मल्याळी, थोडे तेलुगू. केरळनं १९९६ मध्येच परदेशातल्या केरळींसाठी वेगळं खातं काढलं. आपण मराठी माणसं परदेशात गणपती उत्तम बसवतो, ढोलपथक उभं करतो, पण शवागाराच्या दारात मी एकदाच मराठी ऐकलं, आणि तो मीच माझ्या घरी फोनवर बोलत होतो.

काकी अजून भेटतात. शिमग्याला गेलो की त्यांच्याकडे चक्कर होतेच. मुलगा आता मस्कतला आहे. त्याचं लग्न झालं तेव्हा पासपोर्टात बायकोचं नाव घालून घ्यायला मी त्याच्या मागे लागलो होतो. काकींना मी दहादा सांगितलं की फोनवर बोललेल्या बाई एम्बसीतल्या अधिकारी होत्या, त्यांच्या दर तीन-चार वर्षांनी बदल्या होतात, मी त्यांना कधी पाहिलंसुद्धा नाही. काकी ऐकून घेतात, चहा पुढे करतात आणि दर वेळी विचारतात, "बाबू, त्या वकीलबाय बऱ्या हायत नं?"

मी आता "बऱ्या आहेत" म्हणतो.