मेल आला नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजायचं का?

रात्रीचा बॅकअप झाला की नाही ते सकाळी मेलवर कळावं, एवढीच माफक अपेक्षा. पण नाही! बॅकअप घेऊन मेल पाठवणारी स्क्रिप्ट हाताने चालवली की मेल लगेच हजर. तीच क्रॉनमध्ये, म्हणजे लिनक्सवर ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, टाकली की गुडूप. का? तर क्रॉनचा पाथ (प्रोग्रॅम कुठे शोधायचे त्या फोल्डरांची यादी) तोकडा, मेल पाठवणारा प्रोग्रॅम त्याला सापडतच नाही. बरं, ही तक्रार क्रॉन कळवणार कशाने? मेलनेच! आणि मशीनवर मेल सर्व्हर (एमटीए) नसला, तर 'एमटीए नाही, आउटपुट टाकून देतोय' अशी ओळ लॉगमध्ये खरडून तो मोकळा. अरे, टाकून काय देतोस?

विंडोजची वेगळीच तऱ्हा. तिथल्या क्रॉनमधला, म्हणजे टास्क शेड्यूलरमधला, 'ई-मेल पाठवा' हा पर्याय दिसतो, पण विंडोज ८ पासून तो मोडीत काढलाय. मग कशाला दाखवता? म्हणून मेल पाठवायला पॉवरशेलमध्ये (विंडोजची स्क्रिप्टची भाषा) स्क्रिप्ट लिहा. मेल बाहेर जाण्याचं दार, म्हणजे पोर्ट २५, बऱ्याच ठिकाणी बंद, ५८७ लावा. नेहमीचा पासवर्ड नाकारला, त्या स्क्रिप्टपुरता वेगळा ॲप पासवर्ड काढा. एवढं करून मेल गेलाच नाही, तरी शेड्यूलर छातीठोकपणे सांगणार, 'यशस्वी'! स्क्रिप्टने शून्य, म्हणजे 'चूक नाही', परत केलं ना, मग झालं. पत्र नाल्यात फेकून 'पोचलं' म्हणणारा पोस्टमन बरा!

शेवटी मेल सापडतो तो स्पॅममध्ये. आणि सगळं नीट जुळलंच, तर दर पाच मिनिटांनी चालणारं एखादं बडबडं टास्क दिवसाला २८८ मेल ओततं. मग वैतागून त्याचं सगळं आउटपुट डेव्ह-नलमध्ये, म्हणजे काहीही गिळून टाकणाऱ्या लिनक्सच्या खड्ड्यात, ढकलायचं. खरी एरर आली की तीही तिकडेच!