मुलीचे आकाश खोडले, त्याबद्दल

आज माझ्या पाचवीतल्या मुलीच्या चित्रकलेच्या वहीत लाल शेरा आला: ‘आकाश निळे रंगवावे.’ जानेवारीतल्या सकाळी आमच्या वडाळ्याच्या गच्चीवरून जे दिसते तेच तिने रंगवले होते, म्हणजे दुधात राख कालवल्यासारखे पांढुरके आकाश आणि कडेला विटकरी सूर्य. विचारायला गेले, तर बाई म्हणाल्या, “अहो, समुद्राचे प्रतिबिंब पडते म्हणून आकाश निळे, एवढे तर मुलांना माहीत हवे ना!” मग नागपूरच्या आकाशात कोणता समुद्र पडतो, हे अगदी ओठांवर आले होते, पण मुलीला अजून तीन महिने त्याच वर्गात बसायचे आहे, म्हणून गप्प राहिले.

मी लहान असताना लालबागच्या चाळीत एका रात्री बाबांनी दिवा मालवून हॉर्लिक्सच्या काचेच्या बाटलीत पाणी भरले, त्यात दुधाचे चार थेंब सोडले आणि एका बाजूने बॅटरी लावली. कडेने पाहिले तर पाण्याला निळसर झाक होती आणि बॅटरीच्या समोर जाऊन बाटलीतून पाहिले तर तोच उजेड मावळतीसारखा नारिंगी होता. बाबा गिरणीत साच्यावर कामाला होते, शिक्षण सातवीपर्यंत. प्रकाश असा विखुरतो त्याला ‘विकिरण’ म्हणतात, हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता. (आई मात्र दुधावरून दोन दिवस धुसफुसत होती.)

शब्द मला पुष्कळ नंतर भेटला, पण तो भेटला तेव्हा बाटली डोळ्यांसमोर होती. हवेचे रेणू आखूड तरंगलांबीचा, म्हणजे निळ्या बाजूचा, प्रकाश अधिक विखुरतात आणि हे प्रमाण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त असते, असे इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १८७१ साली दाखवले. म्हणून ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ७०० नॅनोमीटरच्या तांबड्यापेक्षा जवळजवळ सहापट विखुरतो. संध्याकाळी उन्हाला हवेतून लांबचा पल्ला तिरपा कापावा लागतो, निळा वाटेतच पांगतो आणि दादर चौपाटीवर आपल्या वाट्याला नारिंगी उरतो. आणि हिवाळ्यात मुंबईवर साचून राहणाऱ्या धुळीचे, धुराचे कण रेणूंहून कितीतरी मोठे असल्यामुळे ते सगळ्या रंगांना जवळपास सारखेच विखुरतात. म्हणजे माझ्या मुलीचे पांढुरके आकाश बरोबर होते! बाबांनी शेवटी चमचाभर दूध ओतले होते, तेव्हा बाटलीतला निळाही असाच गेला होता.

मला अधिक राग येतो तो हे मुंबईत घडते याचा. १९२१ साली इंग्लंडहून परतताना सी. व्ही. रामन यांनी बोटीवरून निकोल प्रिझममधून (परावर्तित प्रकाश गाळू शकणाऱ्या स्फटिकातून) समुद्र न्याहाळला, पृष्ठभागावरून परावर्तित होणारे आकाश त्या प्रिझमने वगळले, तरी पाणी निळेच राहिले. समुद्राचा निळा म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, हे रॅले यांचे मत खोडणारे टिपण त्यांनी ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकाला लिहिले ते याच मुंबई बंदरातून. दर २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, आपण त्यांच्या फोटोला हार घालतो आणि मुलांना तेच प्रतिबिंब उलटे करून शिकवतो.

बाईंच्या वर्गात साठ मुले आहेत, वर निवडणुकीची कामे आहेत, हे मान्य. पण बाटलीला आणि चार थेंब दुधाला कोणाची मंजुरी लागते?

इतके लिहून झाल्यावर मात्र थोडी लाज वाटते आहे, कारण घरी येताना रिक्षात मीच तिला म्हणाले, “निळे करून टाक, मार्क जातील.” तिने काही न बोलता खडू घेतला आणि सूर्याच्या भोवतीचा पांढुरका भाग तेवढा तसाच ठेवून बाकीचे निळे केले. आता ती झोपली आहे. स्वयंपाकघरात आहेत त्या सगळ्या बरण्या प्लॅस्टिकच्या. काचेची एकच सापडली, तिच्यात लिंबाचे लोणचे आहे. ते वाटीत काढून बरणी घासून पालथी घातली आहे.